वीस लिटरचा कॅन आणि वर सासूबाई

१८ एप्रिल २०२३, मंगळवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. मशीन दोन, तयार पिशव्या तीन, माणसे मला धरून तीन.

लघुउद्योगांना छोटी कर्जे व प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेसाठी मी निवृत्तीनंतर अशा भेटी देत असतो. त्या दिवशीची भेट पाठीवरच्या पिशव्या शिवणाऱ्या सासू-सुनेकडे होती. कारखाना म्हणजे एके काळचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज. इंजिन उचलण्याचा लोखंडी आकडा छताच्या गर्डरला अजून लटकत होता. दुसरे मशीन कर्जातून आलेले, आणि ते टिकणार की परत जाणार हे त्या दिवशी अकरा वाजता ठरायचे होते. घरोघर पार्सल पोहोचवणारा एक व्यापारी नमुना पाहायला येणार होता. मागच्या खेपेस त्याने पट्ट्याला हिसका देताच तो उसवला होता. आता पुन्हा उसवला, तर तिसऱ्यांदा तो येणार नव्हता.

"सर, बघा तर खरं!" सुनेने पिशवी माझ्या हातात दिली. बोलताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "प्रशिक्षणात शिकवलं तसंच केलंय. पट्ट्याच्या टोकाला शिलाईचा चौकोन आणि आत फुली."

"आणि त्यावर माझं!" सासूबाई मशीनमागून म्हणाल्या. "पहाटे उठून सगळ्या पट्ट्यांवर आणखी चार ओळी मारल्यात, बारीक टाक्याच्या. ही मास्तरीण झोपली होती. आता हत्ती लटकवा."

हत्ती नव्हता. पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन होता. तो आम्ही पिशवीत ठेवला, पिशवी पट्ट्यांनी आकड्याला अडकवली आणि मी घड्याळ पाहिले. पहिले मिनिटही पुरे झाले नाही. टर्रकन आवाज झाला, कॅन आदळला, झाकण उडाले आणि आम्ही तिघेही गुडघ्यापर्यंत भिजलो.

सून खाली बसली. तुटलेला पट्टा तिने उजेडात धरला. दोरा शाबूत होता, फाटली होती ती पट्ट्याची नायलॉनची पट्टी. तीही टाक्यांच्या रेषेत सरळ, पोस्टाचे तिकीट फाडावे तशी. सुईची भोके इतकी जवळजवळ पडली होती की पट्टीत पट्टी उरलीच नव्हती.

तिने मान वर केली. सासूबाईंचा चेहरा उतरला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "माया जरा जास्त झाली."

"सरळ सांग की, म्हातारीनं वाट लावली."

"वाट लावली तर लावली. आता उसवायला बसा. उसवण्यात तुमचा हात कोण धरणार? तुम्ही माझी किती पोलकी उसवलीत, मोजलीत का कधी?"

सासूबाई फसकन हसल्या आणि त्यांनी सुई उचलली.

पुढचा तास मी आयुष्यात पाहिलेल्या उत्तम तासांपैकी एक. सासूबाई पट्टे उसवत होत्या, मी भोके पडलेली टोके कापत होतो, सून मागच्या बाजूला दुहेरी कापडाचा तुकडा लावून पट्टे नव्याने बसवत होती. टाक्याची लांबी ठरवणारी मशीनवरची चकती तिने लांब टाक्यावर फिरवली आणि सासूबाईंकडे बोट रोखले, "या चकतीला आज कुणी हात लावायचा नाही!"

"लावतेय कशाला? पळव तुझी मोटार!"

शेवटचा दोरा कापला गेला तेव्हा अकराला सहा मिनिटे कमी होती. चाचणी घ्यायला वेळ उरला नाही, कारण व्यापारी दारात उभा होता.

"माझी पोरं पिशवी ठेवत नाहीत, फेकतात," तो आत येत म्हणाला. "मागच्यासारखा प्रकार नको."

कॅन पुन्हा भरला, पिशवी पुन्हा आकड्यावर चढली. त्याने ती खाली ओढून तीन हिसके दिले. सुनेने डोळे मिटून घेतले. पट्टे जागचे हलले नाहीत.

"ठीक वाटतंय," तो म्हणाला. "पण रोजच्या वापरात..."

"ठीक?" सासूबाई उसळल्या. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हातांनी पिशवीला मिठी मारली आणि पाय उचलले! वीस लिटर पाणी आणि अख्ख्या सासूबाई गर्डरखाली संथपणे गोल फिरू लागल्या.

"आई! उतरा!"

"याला पटेपर्यंत नाही उतरत!"

"पटलं, आजी, पटलं!" व्यापारी दोन्ही हात वर करून ओरडला. त्याला हसू आवरत नव्हते. "शिलाई कुणाची आहे ही?"

"हिची," सासूबाई फिरता फिरता म्हणाल्या.

"दोघींची," सून म्हणाली. तिने पुढे होऊन सासूबाईंना कमरेला धरून खाली उतरवले, आणि नंतर बराच वेळ सोडले नाही.

मागणी: दोनशे चाळीस पिशव्या.