पिवळ्या बसमधली बॅचलर पार्टी

लग्न ठरल्यावर माझ्या भावाला बॅचलर पार्टी हवी झाली, आणि ती दुसऱ्या कुणीतरी आखून द्यायला हवी झाली. म्हणून तो आपल्या दोन मित्रांना घेऊन माझ्या ऑफिसात आला. मी शाळेच्या बसचे मार्ग ठरवते. कुठलं पोर कुठल्या कोपऱ्यावर उभं राहील, कुठली गाडी आधी वळेल, हे माझं काम. माझ्यामागे भिंतीवर शहराचा नकाशा आहे, त्यावर रंगीत चुंबकं, आणि शेजारी खिळ्यांना अडकवलेल्या गाड्यांच्या किल्ल्या. भावाला वाटलं, एवढी पोरं धडपणे घरी पोचवणारी बाई आपल्याला बिअरच्या दोन ब्रुअऱ्या आणि दारूची एक डिस्टिलरी सहज हिंडवून आणेल.

मित्रांपैकी एक दातांचा डॉक्टर. त्याला बिअरमधलं सगळं कळतं, असं तो स्वतःच सांगतो. दुसरा पडद्यांचा दुकानदार. त्याला काहीच कळत नाही, पण पितो तोच जास्त.

"डिस्टिलरी शेवटी ठेवा," डॉक्टर म्हणाला. "जीभ हलक्याकडून जडाकडे न्यायची असते."

"जीभ न्या हो, पण पायांचं काय? तिथे लोखंडी जिना आहे. उभा." मी फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. "तो शुद्धीत असताना चढायचा. आधी डिस्टिलरी."

पण डिस्टिलरीवाले पाहुण्यांना दुपार कलल्यावरच आत घेत होते, त्यामुळे माझं काही चाललं नाही. चुंबक काढून शेवटी लावलं आणि बजावलं की जिन्यावर कुणीही चढायचं नाही. तांब्याची भट्टी खालूनही तेवढीच तांब्याची दिसते. तिघांनी माना डोलावल्या. माझ्या बसमधली पोरंही अशाच माना डोलावतात.

"गाडी कोण चालवणार?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस खलबतं चालली होती, कुठल्या बिअरवर काय खायचं यावर भांडणं झाली होती, पण हा प्रश्न कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता.

"मामा," भाऊ हळूच म्हणाला.

आमच्या घराण्यात न पिणारा ड्रायव्हर एकच, आणि तोच एके काळी सगळ्यांत जास्त प्यायचा. माझ्या लग्नात मामा सजवलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन झोपला. हलवला, ओरडलो, तोंडावर पाणी मारलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी आम्ही नवराबायको केटररच्या टेम्पोतून, खरकट्या पातेल्यांना धरून घरी गेलो. मला आता त्याचं हसू येतं. आईला नाही येत. त्या दिवसापासून तिने सख्ख्या भावाला घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही.

मामाने त्यानंतर दारू सोडली. मी त्याला माझ्याकडे बसवर घेतलं. रोज सकाळी किल्ली मिळण्याआधी तो इतर ड्रायव्हरांसारखा मशीनमध्ये फुंकतो आणि मशीन शून्य दाखवतं. हे मी आईला कितीदा सांगितलं.

"मशीनला काय कळतंय," ती म्हणायची. "ते त्याची बहीण आहे का?"

त्या रात्री मी आईकडे गेले आणि ती जेवणाआधी मटार सोलत बसली होती तेव्हा विषय काढला. मामा गाडी चालवेल, असं म्हटल्यावर तिने मान वर केली नाही. शेंगा मात्र जोरात फुटायला लागल्या.

"म्हणजे त्याला दारूच्या कारखान्यात पाठवायचं."

"कारखान्याच्या बाहेर. तो बसमधून उतरणार नाही."

"आजवर त्याने इतक्या वेळा माझी शपथ खाल्लीय की मी जिवंत कशी हेच कळत नाही. 'अक्का, तुझी शपथ, थेंब घेतला नाही.' आणि भिंतीला धरून उभा." तिने टरफलं गोळा केली. "ठीक आहे. जाऊ दे त्याला. जसा जाईल तसा परत आला तर लग्नाला यावं. नाही तर मला भाऊ नाही. मी स्वतः दारात उभी राहून वास घेणार."

मामाला हे सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. तो बसच्या काचा पुसत होता. ऑफिसात तो मला साहेब म्हणतो.

"साहेब, परीक्षा घ्यायची तर देवळाबाहेर घ्यायची होती," तो म्हणाला. मग त्याने फडका पिळला. "अक्का खरंच लग्नाला ये म्हणाली?"

"जसा जाशील तसा आलास तर."

"मी जातो," तो म्हणाला, आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसायला लागला. मी त्याला टायरची हवा बघ असं सांगून आत निघून आले.

मग मी आयुष्यात कुठल्या शाळेसाठी केली नसेल अशी तयारी केली. बस छोटी होती, पिवळी, मागे 'सावकाश, आत मुले आहेत' असं लिहिलेली. मामासाठी डबा, चहाचा थर्मास, कोडी सोडवायचं पुस्तक. बस नेहमी फाटकाबाहेर उभी करायची. बाटली बसमध्ये आणायची नाही. कुणीही मामाला 'एक घोट' म्हणायचं नाही; जो म्हणेल त्याच्याबद्दल मी लग्नात चार शब्द बोलेन. पडदेवाला घाबरला. त्याच्याबद्दल माझ्याकडे चारपेक्षा बरेच जास्त शब्द आहेत. उलटी होणाऱ्याने खिडकीशी बसायचं हा नियम मी कामावरून जसाच्या तसा घेतला. भावाला मी तिथेच बसवलं. तो लहानपणापासून तिथेच बसत आलाय.

पार्टीच्या दिवशी सुट्टी असूनही मी मामाला मशीनमध्ये फुंकायला लावलं. शून्य. ते मशीन मी बसमध्येच ठेवून दिलं, परतल्यावर आईसमोर पुन्हा फुंकून घ्यायचं म्हणून. गुडघे छातीला लावून ते तिघे लहान सीटवर बसले आणि बस गेली.

दोन्ही ब्रुअऱ्या सुरळीत पार पडल्या. डॉक्टरला पहिल्या बिअरमध्ये संत्र्याची साल लागली आणि दुसरीत ओला पुठ्ठा, असा त्याचा मेसेज आला. मी निश्चिंत होऊन आईकडे जाऊन बसले. आणि उन्हं उतरायला लागली तसा मामाचा फोन आला.

"साहेब, नवरदेव जिन्यावर चढलाय."

"मी नको म्हणून सांगितलं होतं!"

"चढून बसलाय वर. आता खाली बघून रडतोय. कठडा सोडत नाही. डॉक्टर त्याला खालून समजावतोय, पण तो स्वतःच डुलतोय. पडदेवाला झोपलाय. तिथली माणसं म्हणतात, तुमच्यातलं कुणीतरी वर या. आत जाऊ का?"

मला त्याच्या आवाजामागे पिंपं गडगडल्याचा आवाज येत होता. दार उघडंच असणार. वासही येत असणार. जा म्हणावं तर मामा, नको म्हणावं तर भाऊ. आई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जा," मी म्हटलं.

त्यानंतर फोन लागेना. मी तीन कप चहा केला. एकही कुणी प्यायला नाही. आईने काय झालं विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. ती उठून दारात जाऊन उभी राहिली. बस यायला अजून अवकाश होता, तरी उभी राहिली.

बस आली. दार उघडलं आणि मामा भावाला खांद्यावर टाकून उतरला. भाऊ हसत होता आणि जगावर प्रेम करत होता. दोघं जवळ आले आणि दारूचा भपकारा आला. वास भावाचा नव्हता. मामाचा होता. त्याचा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत भिजलेला, आणि त्यातून अख्खी डिस्टिलरी दरवळत होती. मी डब्यापासून कोड्यांपर्यंत सगळ्याचा विचार केला होता. शर्टाचा केला नव्हता.

आईने वास घेतला. घ्यायची गरजच नव्हती, तरी पुढे होऊन घेतला.

मामाने भावाला पायरीवर बसवलं आणि खांदा चोळला.

"याला आत घे आधी," तो चिडून आईला म्हणाला. "वजन काय वाढवलंय याने! वर बसला होता हातात भरला ग्लास घेऊन. मी धरला तर गळ्यात पडला. सगळी माझ्या अंगावर. आणि तुझ्या फाटकाची कडी अजून तशीच अडकते, अक्का. कुणी दुरुस्त करत नाही का?"

मी बसकडे धावले, मशीन काढलं आणि धापा टाकत परत आले.

"आई, थांब, हा फुंकेल. आत्ता कळेल."

"ठेव ते," आई म्हणाली.

"अगं पण—"

"प्यायलेला असता तर एव्हाना तीनदा माझी शपथ खाल्ली असती." तिचा आवाज जरा हलला, मग तिने तो जागेवर आणला. "कडीवरून भांडला नसता."

मामाने मान फिरवून फाटकाकडे पाहिलं.

"शर्ट काढ," आई म्हणाली. "भिजत घालते. आणि आत ये, बाहेर उघडा उभा राहू नकोस, लोक बघतात."

मामा शर्टाची बटणं काढायला लागला. वरचं निघेना. माझा मामा रोज वळणावळणाच्या रस्त्यांवरून पोरांनी भरलेली गाडी नेतो, पण त्या एका बटणापुढे त्याचं काही चालेना. आईने पुढे होऊन ते काढून दिलं.

"लग्नात सजवलेली गाडी तू चालवायचीस," ती म्हणाली. "पुढे बसायचं. मागे नाही."

"बरं," मामा म्हणाला, आणि बूट काढून आत आला.