त्रेचाळीस घराण्यांचं रेकॉर्डिंग

जगन्नाथअप्पांच्या ऑपरेशनला सहा दिवस उरले होते. डॉक्टर स्वरयंत्र काढून टाकणार होते. अप्पा जगतील, पण बोलणार नाहीत, एवढं त्यांनी साफ सांगितलं होतं.

अप्पा हेळवी. बैलावर बसून गावोगाव जायचं, यजमानाच्या दारात घंटा वाजवायची आणि त्याच्या घराण्याची वेल मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत म्हणून दाखवायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. लिहिलेल्या चोपड्या चुलत्याच्या वाट्याला गेल्या. अप्पांच्या वाट्याला आलं नुसतं पाठांतर. अक्षरओळख त्यांना कधी झालीच नाही. गेल्या वर्षीच्या पुरात सांगलीकडे चुलत्याच्या घरात पाणी शिरलं आणि चोपड्यांचा लगदा झाला. तेव्हापासून त्रेचाळीस घराण्यांची नावं जगात एकाच ठिकाणी उरली होती. अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या मुलाच्या टाउनहाउसच्या वरच्या खोलीत, अप्पांजवळ.

त्यांचा मुलगा केदार एका विमा कंपनीत बॅकअप सांभाळायचा. बारा वर्षांत त्याने इतक्या डिस्क मरताना पाहिल्या होत्या, की एकाच प्रतीवर ठेवलेली गोष्ट तो गेलेलीच धरून चाले.

तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांना आवाजाची बाजू बघणारा अरुण माईक घेऊन आला आणि टेबलाखालची मांडणी बघून कपाळाला हात लावून उभा राहिला.

"हे काय केलंयस? दोन बाहेरच्या डिस्क, त्यात माईकची पेटी, आणि सगळ्यांच्या वायरी त्या एका जुनाट यूएसबी हबला?"

"एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिलं जाईल. एक गेली तरी दुसरी आहे."

"अरे यार, आवाज थांबत नाही कुणासाठी. डिस्कने वेळेवर घेतला नाही तर तो तुकडा गेला. कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर कर, एकाच. कॉपी मग रात्रभर काढत बस."

"आणि मधेच ती डिस्क मेली तर?"

"बॅकअपवाल्यांच्या घरी जेवणसुद्धा दोन-दोन ताटांत वाढत असतील," अरुण म्हणाला. "निदान मधूनमधून रेकॉर्ड झालेलं ऐकत तरी जा."

ते शक्य नव्हतं. एका घराण्याची वेल सुरू केली की ती संपेपर्यंत अप्पा थांबत नसत, आणि समोर माणूस लागे. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्या डबड्याला सांगू होय रे? तू बस यजमान होऊन. आणि त्या उजेडाकडं बघत बसू नको."

केदारने स्क्रीन भिंतीकडे वळवली आणि मांडी घालून बसला. लहानपणी बैलावरच्या बापाची त्याला लाज वाटायची. वर्गातली पोरं दिसली की तो दुसऱ्या गल्लीने घरी जायचा. आता चाळिशी उलटल्यावर, कार्पेटवर बसून, तो पहिल्यांदाच सगळं ऐकत होता. आवाज चिरका झाला होता, मधे खोकला यायचा, पण नाव अडत नव्हतं. कोण दत्तक गेला, कोण लढाईत पडला, कुणाच्या दोन बायका, सगळं. तीन दिवस चाललं. शेवटच्या घराण्यानंतर अप्पा म्हणाले, "झालं. आता काढा काय काढायचं ते."

त्या संध्याकाळी केदारने ऑफिसात करतो तेच केलं. दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. अक्षर न्‌ अक्षर सारख्या. प्रत्येक फाइलचं पहिलं मिनिट ऐकलं, स्वच्छ होतं. तो निश्चिंत झाला. आत काय आहे ते पूर्ण ऐकून बघायची त्याच्या धंद्यात कधी कुणाला गरज पडली नव्हती.

ऑपरेशन पार पडलं. महिन्याभराने केदार कानाला हेडफोन लावून नावं टाइप करायला बसला. तिसऱ्या मिनिटाला टक्‌ असा आवाज झाला. "राणोजीचा सिदोजी, सिदोजीचा..." टक्‌. "...चा हैबतराव." मधलं काही नाही. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीचा आवाज कॉम्प्युटरच्या मेमरीत मावला होता. मग हबच्या त्या एका अरुंद वाटेने आत येणारा माईक आणि बाहेर जाणाऱ्या दोन प्रती यांची कोंडी झाली आणि आवाज गळू लागला. त्याने घाईघाईने दुसरी डिस्क लावली. तिच्यातही तिथेच टक्‌. दोन प्रती, दोन्हींत तीच भोकं. मोजली तेव्हा तीनशे अकरा भरली.

तो अप्पांच्या खोलीत गेला. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं होतं, पण रेडिएशनने मान सुजली होती. त्यातून नुसती घरघर यायची. ओठांवरूनही नाव ओळखू येत नसे.

"अप्पा, माझ्याकडून चूक झाली," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं. अप्पांनी आपल्या शेजारी पलंगावर हाताने थोपटलं. बस.

केदार वही घेऊन बसला. पहिली गळालेली जागा. "सिदोजीचा कोण? मानाजी?" अप्पांनी नकारार्थी मान हलवली. "बहिर्जी? संताजी? खंडोजी?" नाही, नाही, नाही. तासाभराने "येसाजी"ला मान डोलावली, आणि केदारला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी दोन नावं मिळाली. तिसऱ्या दिवशी नऊ. आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत चाळीस भरली. पेन्सिल थांबत नव्हती.

मग त्याचं पान चुकलं. भरून झालेली जागा त्याने पुन्हा विचारली.

"सिदोजीचा कोण? रायाजी?"

अप्पांनी मान डोलावली.

केदारने वहीत पाहिलं. तिथे येसाजी लिहिलेलं होतं. त्याने हळूच विचारलं, "की तुकोजी?"

अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. मान पुन्हा डोलावली.

ज्या माणसाने साठ वर्षांत कुणाच्या दारात एक नाव इकडचं तिकडे केलं नव्हतं, तो आता पोराचं ओझं उतरावं म्हणून मिळेल त्या नावाला हो म्हणत होता. केव्हापासून, ते केदारला कळायला मार्ग नव्हता. पहिलं नाव खरं होतं की तेही नाही?

त्याने खोडरबर घेतला आणि भरलेल्या जागा पानामागून पान पुसायला लागला. अप्पांनी डोळे उघडले. त्यांना वाचता येत नव्हतं. पोरगा काहीतरी नीट करतोय एवढंच त्यांना दिसलं. ते पुढच्या नावाची वाट बघत राहिले.

"धर्माजी?" केदार म्हणाला.

अप्पांनी मान डोलावली. केदारने काही न लिहिता पेन्सिल कागदावर नुसती फिरवली आणि पुढचं नाव घेतलं.