सूर्यभानने लावलेले आठ दांडे

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेल एवढा मी एक जुना रिमोट आहे, पण टीव्हीचा नव्हे. माझ्या अंगावर एकच बटण आहे. ते दाबलं की परभणीजवळच्या झरी गावातल्या भगवानरावांच्या गॅरेजचं दार आपोआप वर सरकतं. पूर्वी पोरंटोरं मला जादूगार समजायची. खरं सांगायचं तर माझ्याइतका साधा जीव शोधून सापडायचा नाही. मला एकच काम येतं आणि ते मी जन्मभर इमानाने केलं. तरीही एका दुःखात माझा हात आहे, असं मला वाटत राहतं.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. १९९० साली भगवानरावांचा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने दार ओढणारी विजेची मोटर, आमची हाक ऐकणारी एक पेटी आणि आम्ही दोन रिमोट असं सगळं कपड्यांत गुंडाळून आणलं. आसपासचे बडे लोकसुद्धा जीपवर ताडपत्री टाकत होते आणि इथे जीपच्या गॅरेजला विजेवर उघडणारं दार! तिकडची वीज वेगळी, म्हणून ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला. एवढं करून दिवसातून चारदा लाइट जायची. मग ती येईपर्यंत जीप आत आणि भगवानराव बाहेर ताटकळत.

दार वेल्डरने बसवलं, पण आम्हाला बोलायला शिकवलं ते सूर्यभानने. तो भगवानरावांचा ड्रायव्हर. माझ्या पाठीवरचं झाकण काढलं की तांदळाच्या दाण्याएवढे आठ दांडे दिसतात. प्रत्येक दांडा एकतर वर असतो, नाहीतर खाली. तसेच आठ दांडे छताजवळच्या पेटीत आहेत. दोन्हीकडचे दांडे अगदी सारखे असले, तरच पेटी माझी हाक ओळखते. एखादा जरी चुकला, तरी दार ढिम्म हलत नाही. सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक सूर्यभानला वाचता येत नव्हतं. नुसती चित्रं बघून तो शिडीवर चढला, बाभळीच्या काट्याने एकेक दांडा सरकवला आणि खाली येऊन तोच क्रम आम्हा दोघांत लावला. वर, वर, खाली, वर, खाली, खाली, वर, खाली. बटण दाबताच दार घरघरत उघडलं आणि अंगणातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

“एक रिमोट माझ्याकडं, एक तुझ्याकडं राहू दे,” भगवानराव खुशीत म्हणाले. “जीपची किल्ली आतच खिळ्याला हाय. मी असो नसो, नड पडली तर गाडी काढायची. इचारत बसू नको.”

सूर्यभानसाठी हे बोलणं साधं नव्हतं. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्याचं दुसऱ्या गावातलं घर जळालं होतं. बायको चांगुणाबाई आणि पाच वर्षांची सगुणा यांना घेऊन तो अंगावरच्या कपड्यांनिशी झरीला आला. भगवानरावांनी त्याला कामावर ठेवलं, पुढे जीप हातात दिली. ज्याच्या घराला लोकांनी आग लावली, त्याच्या हाती कुणीतरी आपलं दार दिलं होतं. त्या दिवशी चांगुणाबाईने जुन्या निळ्या लुगड्याची छोटी पिशवी शिवली. त्या पिशवीतून मी सूर्यभानच्या सदऱ्याच्या खिशात राहू लागलो. माझ्या आयुष्यातली ती चार वर्षं सुखाची होती.

१९९४च्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. सूर्यभानच्या वस्तीत पेढे वाटले गेले. गावात काहींची तोंडं मात्र कडू झाली. आम्ही पारावरून जाताना बोलणं मध्येच थांबायचं. सूर्यभान मान खाली घालून पुढे जायचा. त्याच्या घरात आनंदाचं आणखी एक कारण होतं. सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

त्याच आठवड्यात नामांतराच्या विरोधात एक दिवस बंद पुकारला गेला. एसटी आली नाही, टेम्पो निघाले नाहीत. भगवानराव आदल्या दिवशीच पाहुण्यांच्या गाडीतून सहकुटुंब पोखर्णीला गेले होते. सकाळपासून सगुणाला कळा येत होत्या. दुपारी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, “सूर्यभानदादा, लेकरू आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई. परभणीला न्या.”

सूर्यभान धावतच गॅरेजपाशी आला. लाइट होती. त्याने मला पिशवीतून काढलं आणि बटण दाबलं. मी हाक दिली. दार हललं नाही.

त्याने पुन्हा दाबलं, जवळ जाऊन दाबलं, हात उंच करून दाबलं. मग घाईघाईने सेल काढून सदऱ्याला पुसला. तरी काही नाही, म्हणून जपून ठेवलेला नवा सेल घातला. माझा लाल दिवा लख्ख लागत होता. मी जीव तोडून हाक देत होतो, मित्रांनो. वर, वर, खाली, वर, खाली, खाली, वर, खाली. मला वाटलं, मीच बिघडलो.

शेवटी त्याने माझ्या पाठीवरचं झाकण काढलं आणि दांडे बघितले. आठही दांडे त्याने लावले तसेच होते. त्याने हळूच मान वर केली आणि बंद दाराकडे बघत राहिला. त्याला कळलं. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

एवढ्यात भगवानरावांचा सालगडी मुंजाजी पहार घेऊन आला. “काय बघायलास? पोरगी तिकडं तळमळायलीय. फोडू दार?”

सूर्यभानने पहार हातात घेतली, दाराच्या फटीत घातलीसुद्धा. मग त्याचे हात थांबले.

“न्हाई मुंजाजी. आज मी हे दार फोडलं तर उद्या समद्या वस्तीवर आळ येईल. तू बैलगाडी जुंप.”

बैलगाडीला परभणी गाठायला दिवस मावळला. सगुणा वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. चांगुणाबाईने तिला स्वतःच्या पदरात गुंडाळून घेतलं आणि सूर्यभान दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. खिशातून मला त्याचा हुंदका स्पष्ट ऐकू आला. तो मी अजून विसरलेलो नाही.

दोन दिवसांनी भगवानराव परतले. सूर्यभानने मला त्यांच्या ओट्यावर ठेवलं. “मालक, माझ्याकडचे आठी दांडे जिथल्या तिथं हायेत. पेटीतले कुणी हलवले?”

भगवानराव म्हणाले, “मीच. लोक लय बोलायलेत. म्हणले, दिवस वाईट हायेत, दाराची चावी त्यांच्या हातात कशाला ठेवता? माझ्या मनात तुझ्याबद्दल काही न्हाई रे. पण तुझ्याकडून रिमोट माघारी मागायची भीड वाटली, जीभ रेटंना. म्हणून पेटीतला अन् माझ्या रिमोटातला एकेक दांडा खाली केला. चार दिवसांनी परत वर करणारच होतो.”

एक दांडा! तांदळाच्या दाण्याएवढा.

“मागितला असता तर दिला असता की मालक,” सूर्यभान म्हणाला. “दार आपलं न्हाई हे ठाव असतं, तर म्या आधीच दुसरी गाडी बघून ठेवली असती.”

तो ओरडला नाही, रागावला नाही. तसाच पायऱ्या उतरून गेला आणि पुन्हा त्या जीपवर आला नाही. भगवानराव त्याच संध्याकाळी शिडीवर चढले आणि पेटीतला तो दांडा त्यांनी वर केला. मला घेऊन ते सूर्यभानच्या घरीही गेले. चांगुणाबाईने त्यांना पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मला मात्र कुणी हात लावला नाही.

तेव्हापासून मी भगवानरावांच्या कोनाड्यात निळ्या पिशवीत पडून आहे. ते कधीतरी मला काढतात आणि बटण दाबतात. दार पहिल्या हाकेला उघडतं. ते उघड्या दारासमोर थोडा वेळ उभे राहतात आणि पुन्हा बंद करतात.

मित्रांनो, कुणाबद्दल मनात किंतू आला तर तोंडावर विचारा. दिलेलं परत हवं असेल तर हात पुढे करून मागा. भांडण झालं तरी चालेल, पण त्याला न सांगता आतले दांडे फिरवू नका, कारण तो बिचारा तुमच्या शब्दावर विसंबून राहतो. आणि मी कधी तुमच्या हाती लागलोच, तर माझी धूळ पुसा, सेल बदला, पण पाठीवरच्या दांड्यांना हात लावू नका. ते अजून सूर्यभानने लावले तसेच आहेत.