मोरपंखी झगा

दुकानातला नवा माल आधी वहिनीने बघायचा, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो होता. खोकं आलं की ती दार आतून लावून घ्यायची, ओढणी कमरेला खोचायची आणि एकेक वस्तू कागदातून सोडवून उजेडात धरायची. रेशमी झगे, बांबूचे ट्रे, लाखेच्या डब्या, कागदी कंदील, फुलाफांद्या रंगवलेले चिनीमातीचे कप. पूर्वेकडच्या देशांच्या धाटणीचा असा माल त्या भागात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. कुणाला काही भेट द्यायची म्हटली की आसपासच्या गल्ल्यांतली माणसं ‘वहिनींकडे’ यायची. सगळेच तिला वहिनी म्हणायचे, ज्यांनी तिच्या नवऱ्याला कधी पाहिलं नव्हतं तेसुद्धा.

त्या दिवशी ती पोचली तेव्हा खोकं फोडलेलं होतं. नुसतं फोडलेलं नाही, रिकामं करून, घडी घालून कोपऱ्यात उभं केलेलं. झगे दांडीवर लटकले होते, कप फळीवर बसले होते, आणि मधोमध तिची नणंद उभी होती. दातांत दोरा, हातात किमतीच्या चिठ्ठ्या आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

“वहिनी, तू यायच्या आत दोन कंदील गेले! अजून टांगलेही नव्हते.”

“वा,” वहिनी म्हणाली. अंगाचा तिळपापड झालेल्या माणसाने जेवढं म्हणावं तेवढंच.

नणंदेला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत, आणि ज्याने कुणी ते नाव ठेवलं त्याला माणसांची पारख असावी. ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. चार दिवस राहते म्हणून बॅग घेऊन भावाकडे आली, आणि तिचे ते चार दिवस काही सरता सरेनात. भांडण म्हणावं तर झालं नव्हतं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. वाढदिवस असो, नाहीतर लग्नाचा दिवस, त्याचं एकच ठरलेलं वाक्य, “तुला काय हवं ते तूच घे, मला त्यातलं काही कळत नाही.” यंदा ते वाक्य ऐकलं आणि भिंगरीने बॅग भरली.

“मी घरात आहे की कपाट आहे, त्याला काही फरक पडत नाही, वहिनी,” ती आल्या दिवशी म्हणाली होती. “कपाटाचं दार करकरलं तर निदान तेल तरी घालतो.”

तेव्हा वहिनीला तिचा खरंच कळवळा आला होता. दुकानात ये, मन रमेल, असं तिनेच सुचवलं. भिंगरीचं मन रमलं आणि दुकानही भिंगरीत रमलं, तिथे सगळी पंचाईत झाली. महिनोन्महिने धूळ खात पडलेल्या लाखेच्या डब्या तिने दारापाशी मांडल्या आणि त्या भराभर खपल्या. गिऱ्हाइकं दारातून डोकावून विचारायला लागली, “त्या नाहीत का आज?” त्या म्हणजे कोण, हे वहिनीला विचारावं लागत नव्हतं. ती घरात कुणाची सून होती, कुणाची बायको होती, कुणाची आई होती. या एका खोलीत तेवढी ती मालकीण होती, आणि तिथेही आता तिला आपण पाहुणीच आहोत असं वाटायला लागलं होतं. त्यात भिंगरीचं काही चुकत असतं तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावता आले असते. चुकतच नव्हतं काही!

त्या सकाळीही वहिनी राग गिळून दांडीवरचे झगे उगाच सारखे करत राहिली. एकाच झग्याला किमतीची चिठ्ठी लावलेली नव्हती. मोरपंखी रंगाचा होता, बाह्यांवर बारीक रुपेरी फांद्या. भिंगरी येता-जाता त्याच्या कडेवरून हात फिरवत होती. एकदा तर आरशासमोर अंगाला लावून उभी राहिली, आणि वहिनी बघतेय म्हटल्यावर लगेच परत टांगला.

“जिला मिळेल ती भाग्याची,” असं म्हणून ती हसली आणि एका गिऱ्हाइकाचं पार्सल पोचवायला बाहेर पडली.

ती वळणावरून दिसेनाशी होते न होते तोच तिचा नवरा, घरचा जावई, दारात उभा. एवढा थोरला माणूस, पण त्या दुकानात अंग चोरून शिरला. आपला कोपर कुठे लागेल आणि काय फुटेल या धास्तीने त्याने दोन्ही हात छातीशी धरले होते.

“ती नाहीये ना?” त्याने विचारलं. “नसतानाच यायचं होतं. तिच्यासाठी काहीतरी घ्यावं म्हणतो.”

वहिनीने मनातल्या मनात हिशेब केला. हा जर आज नीट वागला तर भिंगरी आपल्या घरी जाईल. उद्याचं खोकं आपण फोडू. हा विचार इतक्या झटकन आला की तिची तिलाच लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून तो गेला नाही.

“घ्या की, भाऊजी. बघा निवांत.”

जावई फळ्यांपुढून हळूहळू सरकत गेला. सगळ्यात खालच्या फळीपाशी वाकला आणि त्याने एक कप उचलला. झाकणाचा, राखाडी, जाडजूड, कुठल्यातरी जुन्या खोक्यातला उरलेला. झाकण काढलं, ठेवलं, परत काढलं.

“वहिनी, हे कसं आहे? म्हणजे हे झाकण जे आहे ना…”

“अहो, ठेवा ते,” वहिनीने कप त्याच्या हातातून काढूनच घेतला. “बायकोला मनवायला निघालात आणि कप काय देताय! तुम्हाला यातलं कळत नाही ना? मग माझं ऐका.”

“कळत नाही, ते खरं आहे,” तो म्हणाला आणि त्याने हात पुन्हा छातीशी घेतले.

वहिनीने मोरपंखी झगा काढला. पातळ कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला, वर फीत बांधली. तिचे हात नेहमीपेक्षा भरभर चालत होते. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण एकदा हात घातल्यावर अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“आणि हे बघा, नुसता हातात कोंबू नका. म्हणा, हा रंग बघितला आणि तूच डोळ्यांसमोर आलीस. म्हणून दाखवा.”

“हा रंग बघितला आणि तूच डोळ्यांसमोर आलीस,” जावई पाढे म्हणावेत तसा म्हणाला.

“जरा प्रेमाने, भाऊजी!”

तो गेला. ठरल्याप्रमाणे दुकान बंद व्हायच्या सुमाराला यायचं होतं त्याला. मधला सगळा वेळ वहिनीला एका जागी बसवेना. तिने कप पुसले, पुन्हा पुसले. कंदिलांची रांग बदलली, मग होती तशी लावली. भिंगरीने परत आल्यावर विचारलंच, “झगा गेला?” वहिनी “गेला” म्हणाली. “कुणी नेला गं?” या प्रश्नाला तिने गिऱ्हाइकाकडे वळून बगल दिली. भिंगरीचा चेहरा क्षणभर उतरला होता.

संध्याकाळी जावई आला. त्याने खोकं पुढे केलं आणि शिकवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. प्रेमाचं काही जमलं नाही, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

भिंगरीने फीत सोडली, कागद उलगडला. मग अंगातल्या कपड्यांवरूनच तिने झगा चढवला, आरशात बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

“तुला कसं कळलं रे?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. “वहिनी, बघ ना! मी म्हणत होते ह्याला डोळेच नाहीत. आणि ह्याने नेमका हाच उचलला! एवढ्या मालातून हाच!”

जावई जमिनीकडे बघत होता. वहिनी बिलांची चळत सारखी करत होती, जी आधीच सारखी होती.

“आजच जाते मी,” भिंगरी म्हणाली, आणि लगेच धावत येऊन तिने वहिनीला मिठी मारली. “तुझ्यावर सगळं टाकून चाललेय, रागावू नकोस हं. एकटीला जड जाईल तुला. मी येत जाईन मधूनमधून, खोकी फोडायला तरी.”

वहिनीला तेच नको होतं आणि आता भिंगरी तेच प्रेमाने देऊ करत होती. तिच्या खांद्यावर ते रेशीम घासत होतं. ही पोर आता घरी जाणार, या एका झग्याच्या भरवशावर महिना काढणार, दोन महिने काढणार, आणि मग कधीतरी तो पुन्हा म्हणणार, तुला काय हवं ते तूच घे. तेव्हा हिचं काय होईल? वहिनीला ते सहन होईना.

“मी काढून दिला तो,” ती म्हणाली. “झगा मी निवडला. वाक्यही माझंच आहे.”

मिठी सुटली. भिंगरीने एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग एकेक बाही काढत झगा उतरवला आणि काउंटरवर ठेवला. ती इतकं सावकाश काही करताना वहिनीने कधी पाहिलं नव्हतं.

“खरं आहे?” तिने नवऱ्याला विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “मी दुसरंच काहीतरी घेत होतो.”

“काय?”

तो खालच्या फळीपाशी गेला आणि तो राखाडी कप घेऊन आला. “तू चहा ओतून घेतेस आणि काहीतरी करायला उठतेस. परत येतेस तोवर गार झालेला असतो. तसाच पितेस, तोंड वाकडं करून. रोजच. मला वाटलं, झाकण असलं तर…” त्याने झाकण काढून परत बसवलं. “पण वहिनी म्हणाल्या, कप काय देताय.”

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाला जन्मात एकदा काहीतरी सुचलं होतं आणि ते तिने त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. नुसतं काढून घेतलं नव्हतं, वर त्याला अक्कल शिकवली होती.

भिंगरीने कप हातात घेतला नाही.  मग वळून म्हणाली, “वहिनी, मी तुला एवढी जड झाले होते का? सांगायचं ना, जा म्हणून.”

“जड नाही गं,” वहिनी म्हणाली. “तू माझ्यापेक्षा चांगलं चालवतेस. लोक तुला विचारत येतात. हे दुकान सोडून माझं म्हणावं असं मला काही नाही, आणि तेही तुझं व्हायला लागलं. मला बघवेना. म्हणून तुला घालवायला निघाले होते.”

हे इतकं उघड बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटली. जावई दाराकडे बघत होता. निघावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं.

“तू आज घरी जा,” भिंगरी त्याला म्हणाली. “मी येत नाहीये. उद्या सकाळी इथे ये. तिकडे त्या घरात मला तुझ्याशी बोलायला सुचत नाही. इथे बोलू. भांडायचं असेल तर भांडू. आणि कुणाचं शिकवलेलं बोलायचं नाही. सुचलं नाही तर गप्प बस.”

“बरं,” तो म्हणाला. हातातला कप कुठे ठेवावा हे न कळून तो तसाच धरून उभा राहिला.

“आणि वहिनी, तू मध्ये नकोस. तू असलीस की याच्या जागी तूच बोलतेस. उद्या दुकान मी उघडेन.”

वहिनीने तोंड उघडलं. हे दुकान कुणाचं, खोकी कुणी वाहिली, भाडं कुणाच्या नावावर आहे, सगळं जिभेवर आलं होतं. नणंदेचा चेहरा बघितला आणि तिने ते सगळं आत ढकललं.

“मग मी,” ती म्हणाली, “मी किती वाजता आले तर चालेल?”

“मी फोन करीन,” भिंगरी म्हणाली. “तोवर येऊ नकोस.”