मार्जिनमध्ये गेलेला समुद्र

शिंप्याच्या लेकीला युरोपातल्या दोन विद्यापीठांनी प्रवेश दिला होता. होकार आजच कळवायचा होता. तिला उत्तरेकडचं हवं होतं, पण बाबांची अट एकच: "घराला जवळ पडेल तिथंच जायचं."

घरातला जगाचा नकाशा नेमका उत्तरेच्या वाटेवर फाटलेला. बाबांनी सवयीनं तो मशीनवर शिवला आणि गळ्यातली टेप लावली.

"अगं, उत्तरेकडचंच दोन बोटं जवळ आहे की."

शिवताना काय गडप झालं ते लेकीनं पाहिलं होतं. तिनं गुपचूप होकार पाठवून टाकला.

तेवढ्यात आई डोकावली. "अहो, इथला समुद्र कुठं गेला?"

बाबा ओशाळले. "शिलाईच्या मार्जिनमध्ये."

"म्हणजे पोरगी लांबच चालली."

"जाऊ दे," बाबा टेप गुंडाळत म्हणाले. "वाढत्या पोरांसाठी मार्जिन सोडावंच लागतं."