निळा रंग दिलेला पंप

आमच्या विभागातल्या सगळ्या शाळांच्या वस्तू आता एकाच प्रणालीत आल्या आहेत. बाक, पंखे, पंप, दरवाजे, छपरं, प्रत्येकाला आपापला क्रमांक. शाळेनं तक्रार नोंदवली की ती माझ्या संगणकावर दिसते, तिथूनच गोदामातून सामान सुटतं, कारागीर निघतो आणि झालेलं काम त्या वस्तूच्या नावावर चढतं. वर्षाच्या शेवटी प्रणाली स्वतःच सांगते, कोणती वस्तू थकली आणि कोणती अजून धडधाकट आहे. थकलेली लाल, धडधाकट हिरवी. देखभाल कचेरीची प्रमुख म्हणून मला ही सोय मनापासून आवडली. पूर्वी ज्या मुख्याध्यापकाचा आवाज मोठा, त्याच्या शाळेला आधी रंग लागायचा.

बदलायच्या पंपांची यादी शुक्रवारी बंद होणार होती. सोमवारी ती चाळताना मी माझ्या धाकट्या दिरांची शाळा शोधली. नव्हतीच. त्यांचा पंप हिरवागार दिसत होता.

आता हा पंप मला घरबसल्या ठाऊक होता. भाऊजी त्या शाळेचे शिपाई, माळी, सुतार, नळवाले, सगळं काही एकटेच. खिशात पाना नाही असे ते कधी कुणाला दिसलेच नाहीत, म्हणून मुलं त्यांना पानेमामा म्हणतात. आमच्याकडे जेवायला आले की पहिल्या घासालाच पंपाचा विषय. "आज परत रुसला होता, वहिनी. काढली समजूत." जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायला शाळेत तो एकच पंप. तो बसला की नळ कोरडे, आणि पाणी नसेल तर शाळा भरवायची नाही असा नियम. तसं झालं तर मुलांना मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत पाठवायचं, हे वर ठरूनच गेलं होतं. लहान वर्गातली पोरं तो रस्ता कशी ओलांडणार?

मी फोन लावला.

"भाऊजी, पंपाची एकही तक्रार कशी नाही?"

"तक्रार कशाला? चालतोय की."

"परवा बेअरिंग ठोकत बसला होतात ना?"

"ठोकलं, बसलं. त्यात कचेरीला काय सांगायचं? उद्या मला शिंक आली तर तीही कळवू?"

"कळवा."

"वहिनी, ज्याला काम येत नाही तो तक्रार करतो."

इथंच सगळी गोम होती. गोदामातून त्यांनी कधी वॉशरसुद्धा मागवला नव्हता. फाटक्या ट्यूबमधून स्वतः कापायचे. त्यामुळे प्रणालीच्या हिशेबी तो पंप कधी आजारीच पडला नव्हता. भाऊजींच्या हातांनी त्याला जगवलं होतं आणि त्याच हातांनी त्याचं दुखणं झाकूनही ठेवलं होतं.

घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "मग तूच चढव की मागच्या तारखांच्या पाच-सहा तक्रारी. चावी तुझ्याच हातात आहे."

"सकाळी देवापुढे जोडलेल्या हातांनी दुपारी खोटी नोंद करू?"

"शाळेसाठीच आहे ना? देव काय समजून घेणार नाही?"

"देव घेईल समजून. मलाच रात्री जप करताना अडखळायला होईल." एवढं बोलून मी ताटं उचलली. खरा रस्ता असताना आडवाटेला जायची गरज नाही, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी भाऊजींना समोर बसवून तक्रार नोंदवून घेतली. हिरव्या वस्तूची बदली मागितली की प्रणाली आपोआप तपासणी लावते. गुरुवारची वेळ मिळाली. तपासणीला येणारे अभियंतेसाहेब वयानं तरुण, बोलायला गोड, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर न लिहिणारे. मला ते बरंच वाटलं. डोळ्यांना दिसेल तेवढंच आम्हाला हवं होतं. मीही त्यांच्याबरोबर गेले.

पंपाच्या खोलीचं दार उघडलं आणि मी कपाळाला हात लावला.

फरशी धुतलेली. नळीला रबराची नवी गुंडाळी. पंपाला चक्क निळा रंग दिलेला, अजून वास येत होता. आणि पंप असा घुमत होता की जणू कालच खोक्यातून काढलाय.

अभियंत्यांनी पंपावर तळहात ठेवला. "हा बदलायचाय? बाई, हा मला द्या, मी माझ्या घरी बसवतो."

भाऊजींची छाती फुगली. मी त्यांना दाराबाहेर घेतलं.

"हे काय करून ठेवलंत?"

"बाहेरचा माणूस येणार, वहिनी. त्याच्यापुढे पंप खोकत ठेवू होय? मला काही अब्रू आहे की नाही?"

"आहे ना. रंग कधी दिलात?"

"काल संध्याकाळी. दोन हात." मग जरा ओशाळून, "जास्त झालं का?"

मला हसू आलं, पण दाबलं. "भाऊजी, आता एकच करायचं. माझ्याबरोबर मोठ्या बाईंच्या खोलीत येऊन बसायचं. मी म्हणेपर्यंत उठायचं नाही."

"आणि त्यानं हवा धरली तर? मध्येमध्ये त्याला पाणी पाजावं लागतं, नाहीतर कोरडाच फिरतो."

"अभियंते उभे आहेत तिथं. बटण बंद करायला त्यांना हात आहेत. तुम्ही नसताना हा पंप कसा आहे, ते त्यांना बघू द्या. त्यात खोटं काही नाही."

अभियंत्यांना मी पंप असाच चालू ठेवून बघायला सांगितलं. भाऊजी आले, पण कसे? लग्नघरातून उठवून आणल्यासारखे. मोठ्या बाईंनी खुर्ची दिली. भाऊजी टोकावर टेकले, पाना या हातातून त्या हातात. कान पंपाच्या खोलीकडे.

"चहा घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नको. आवाज फिरला बघा."

"मला तर तसाच येतोय."

"तुम्हाला तसाच येणार, बाई. तुम्ही गणित शिकवता." ते उठायला लागले.

"भाऊजी," मी हळू म्हणाले.

ते बसले. पुढे पंपाची घुमणारी लय तुटली, मग नुसता कोरडा खडखडाट. भाऊजींनी डोळे मिटले. चेहरा असा, की घरातलं माणूस पलीकडच्या खोलीत कण्हतंय आणि यांना बांधून ठेवलंय. त्या माणसानं एवढ्या वर्षांत याहून अवघड काम केलं नसेल. मी मनातल्या मनात नाम घेत राहिले, त्यांच्यासाठी.

खडखडाट थांबला. अभियंत्यांनी बटण बंद केलं होतं. थोड्या वेळानं गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढं पाणी संपलं आणि हात धुवायच्या रांगेतली एक चिमुरडी दारात आली. "पानेमामा, नळाला पाणीच नाही!"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाना टेबलावर ठेवला.

"हो बाळा," ते म्हणाले, "पंप बिघडलाय. मला आता जमत नाही."

अभियंते हात पुसत आत आले. "शोषनळी चिरलीय, आतला झडपेचा भाग संपलाय, बेअरिंगला तर बसायला घरच उरलेलं नाही. हा एवढे दिवस चालला कसा?"

"मी होतो ना," भाऊजी म्हणाले.

"तेच लिहितो. माणूस उठला की बंद पडतो." आणि त्यांनी तिथंच, भाऊजींच्या देखत, नोंद केली. माझ्या फोनवर पंप लाल झाला. शुक्रवारच्या यादीत त्याचं नाव लागलं, खऱ्या तारखेनं, खऱ्या कारणानं.

"आता जाऊ?" भाऊजींनी विचारलं. "पोरं मळके हात घेऊन उभी आहेत."

"जा." खालच्या टाकीतून पाणी काढायला अभियंतेच बादली घेऊन त्यांच्या मागे गेले.

नवा पंप सुट्टी लागायच्या आत बसला. तेव्हापासून आमच्या कचेरीत सगळ्यात जास्त तक्रारी भाऊजींच्या शाळेच्या. करकरणारी बिजागरी, सैल खिळा, फळ्याचा टवका. परवा तर सकाळी पूजेला बसायच्या आधीच फोन.

"वहिनी, तिसऱ्या वर्गाच्या खिडकीची कडी जड जाते. नोंदवलीय. अजून माणूस आला नाही."

"भाऊजी, कडीला तेलाचा थेंब तुम्हीच टाका की!"

"टाकलाय हो. पण नोंद नको का?"

मी डोळ्यांवर आलेले केस मागे सारले आणि संगणक उघडला. तक्रार होती तिथं. खाली त्यांनी स्वतःच टाइप केलं होतं: काम केलं, तेल माझं, कडी तुमची.