जोव्हलिनच्या कपाळावर

मी बोलतोय खरा, पण माझ्या बोलण्यावर कितपत विसंबावं, हे मलाच कळत नाही. मी कपाळाला बांधायचा पट्टा. आत स्पंजाचे दोन तुकडे. ते मिठाच्या पाण्यात भिजवतात आणि माझ्यातून अगदी मंद वीज सोडतात. मुंग्या चालल्यासारखं वाटतं, एवढंच. ना टाका, ना भूल.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली ती मनिलापासून लांबच्या इलोइलो शहरातल्या एका रुग्णालयात, जेवणाला भिणाऱ्या मुलींच्या वॉर्डात. भूक वाढवणं माझं काम नव्हे. ताट समोर आलं की या मुलींच्या छातीत धडकी भरते, ती जरा बोथट व्हावी म्हणून मला आणलं.

जोव्हलिन सतरा वर्षांची होती. तिच्या कपाळाचं हाड मला स्पंजातूनही टोचायचं. डॉक्टर विल्यारूझ तिला म्हणाले होते, "आठवडाभर ताट संपव आणि घरी जा. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." नळीला ती फार भ्यायची. भाताला त्याहून जास्त.

नर्स आर्सेनिया मला बांधायची आणि शेजारी स्वतःचा डबा उघडून बसायची.

"मुकुट शोभतो हं, राणीसाहेब."

"मुकुट कसला? घोड्याचा लगाम आहे," जोव्हलिन म्हणायची.

"मग घोडोबा, खा. आलं घातलेली पेज आहे. गार झाली की गोळा होतो तिचा."

आधी ती नुसता चमचा फिरवायची. मग पेज खाली जाऊ लागली, सोबत माशाचा तुकडाही. तिच्या कपाळाचा घाम कमी झाला, ते सगळ्यांत आधी मला कळलं. माझ्या विजेने, की आर्सेनियाच्या बडबडीने? मी पुष्कळ विचार केला. श्रेय घ्यायला जीभ रेटत नाही. आनंद मात्र झाला होता.

आठवडा संपायचा तो रविवार. चर्चमधून तिची आई आणि मावशी लुर्डेस अशा दोघी थेट वॉर्डात आल्या. मावशीला आमच्याकडे 'तिता' म्हणतात. मी कपाळावर होतो, ताट नुकतंच समोर आलं होतं. आमच्याकडे माणूस भेटलं की आधी त्याच्या अंगाकडे बघून बोलतात. 'बरी आहेस ना' विचारण्याची ती रीतच.

"अगंबाई, जोव्ह! गाल बघ कसे वर आलेत! जाड झालीस की गं!" मावशीने तिचा गाल ओढला. त्या बोटांत इतकी माया होती, की मीसुद्धा हललो.

आर्सेनिया पुढे झाली. "तिता, इथे असं नका ना बोलू."

"अहो, कौतुक करतेय मी! घरी सगळ्यांना सांगणार, आमची पोर गुबगुबीत झाली म्हणून!"

माझ्याखालचं कपाळ गार पडलं, मग ओलं झालं. वीज चालूच होती. जोव्हलिनने ताट हळूच, अगदी सभ्यपणे, पुढे सरकवलं.

"पोट भरलं," ती म्हणाली. एक घासही खाल्ला नव्हता.

"यंत्र बिघडलं का हो?" आईने विचारलं. "जरा वाढवा ना वीज."

आर्सेनियाने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी चालेल तेवढी वाढवली. मी जीव तोडून वाहत राहिलो. ती ताटाकडे नाही, खिडकीच्या काचेत स्वतःच्या गालांकडे बघत होती.

संध्याकाळी नळी घातली. तिचे हात धरायला आर्सेनियाच होती. मावशी बाहेर रडत होती, अगदी मनापासून. "मी म्हटलंच होतं," ती हुंदके देत बहिणीला म्हणाली, "यंत्रांवर कसला विश्वास ठेवायचा!"

पुढे जोव्हलिनला मनिलाला हलवलं. तिचं काय झालं, ते कपाटातल्या पट्ट्याला कोण सांगणार? 'हवा तसा गुण नाही' म्हणून मला बाजूला ठेवलंय. असेलही तसं. माझी ताकद होतीच किती!

वाचकहो, अशी एखादी पोर तुमच्या दारी आली, तर तिला आत घ्या, शेजारी बसा, पावसापाण्याचं बोला. तिच्या गालांबद्दल तेवढं गप्प राहा. तुम्हाला ते जमणार नाही, असं मला वाटतं. मी आजवर पुष्कळदा चुकलोय. याही बाबतीत चुकीचा ठरावा, एवढीच इच्छा आहे.